कोनावर उभे अठरा चौकोन

रविवारची उन्हं गच्चीच्या कठड्यावर आली की लातुरात एक उबदार, किंचित तुरट वास पसरतो. डाळमिलींच्या भुशाचा वास तर इथे बारमाही. पण हा निराळा. वर्षानुवर्षं अंगाखाली-अंगावर मुरलेल्या सुती कापडाला ऊन लागलं की येतो तो. आमच्या गल्लीत घर तिथे भाड्याच्या खोल्या, आणि खोली तिथे डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेली तीन-चार पोरं. कुणी रेणापूरचं, कुणी उदगीरचं, कुणी थेट कर्नाटकाच्या शिवेवरचं. येताना प्रत्येकाच्या आईने पेटीत पुस्तकांच्या आधी वाकळ घातलेली असते. गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. आठवडाभर त्या बिचाऱ्या वाकळी पोरांबरोबर भौतिकशास्त्र सोसतात आणि रविवारी कठड्यावर येऊन अंग टाकतात.

चहाचा कप हातात घेऊन मी त्या बघत उभी राहते. तुम्ही म्हणाल, यात बघण्यासारखं काय आहे? अहो, काय नाही! कुठे धोतराचा पांढरा पट्टा, कुठे विटलेल्या इरकलीचा काठ, कुठे शाळेच्या गणवेशाची निळी चौकडी. एका घरातल्या सगळ्या माणसांनी अंगावरून उतरवलेलं आयुष्य तिथे एकमेकाला धरून बसलेलं असतं. मी जन्माची गणिताची बाई. क्लासमध्ये पोरांना भूमिती शिकवता शिकवता केस पिकले, पण खरं सांगते, फळ्यावर चौकोन काढला की माझ्या मनात कधी चौकोन येत नाही, ठिगळ येतं. आणि मग आठवतात ते आमचे अठरा चौकोन, जे कुठल्याच कठड्यावर कधी वाळत पडले नव्हते, कारण त्यांची वाकळ व्हायचीच राहिली होती.

ते चौकोन आईने जोडलेले. हिशेब तिचा वितीचा. दीड वीत लांब, दीड वीत रुंद, आणि प्रत्येकाच्या पोटात लहान लहान तुकड्यांची नक्षी. टाका इतका बारीक, की उलटून पाहिलं तरी सुलट कोणती ते कळू नये. माझी धाकटी बहीण शालू तेव्हा रांगतही नव्हती, आणि तिला ताप येऊन येऊन जात होता. गावात औषध लागू पडेना, म्हणून आई तिला घेऊन नांदेडला मावशीकडे गेली. मावशीकडे शिलाईचं यंत्र, म्हणून जाताना वाकळीचं गाठोडंही घेतलं. शालूला जरा उतार पडला, तशी आईला घर दिसू लागलं. घरात गणपती बसलेले, दादा, म्हणजे आमचे वडील, एकटे. "गणपती बुडवून येते," असं मावशीला सांगून, लेकरू आणि गाठोडं दोन्ही तिच्या हवाली करून ती गावी परतली. गणपती बुडाले, आणि दुसऱ्याच पहाटे जमीन हलली. आमच्या घराच्या दगडमातीच्या भिंतींनी आई-दादांना उठायलाही वेळ दिला नाही.

मी त्या वेळी लातुरात, अकरावीच्या वसतिगृहात. त्या पहाटेबद्दल मी फार लिहीत नाही, लिहिता येत नाही. एवढंच सांगते, की आमच्या गावाची खूण पुसून गेली आणि लातूर मात्र त्यानंतर वाढतच गेलं. क्लासेस निघाले, खोल्या चढल्या, चौकाचौकात हसऱ्या गुणवंतांचे फलक लागले. त्या वाढत्या गावात मी शिकले, तिथेच शिकवायला लागले, तिथलीच होऊन गेले. शालू नांदेडला राहिली, मावशीपाशी.

मावशी म्हणजे आईची पाठची बहीण; प्राथमिक शाळेत बाई होती. मूलबाळ नाही, काका लवकर गेलेले. तिने शालूला कसं वाढवलं हे सांगायला गेले तर हा कागद पुरणार नाही, आणि मावशी वाचेल तर मला शिव्या घालेल! शब्दाला तिखट, हाताला मऊ. शालूला पहिल्यांदा बोल फुटले तेव्हा पोर तिला आई म्हणाली. शेजारणींना कौतुक वाटलं, पण मावशीने तिला जवळ घेऊन भिंतीवरचा आईचा फोटो दाखवला. "ती आई. मी मावशी हाय." पुढे कितीदा तरी तिने हे असंच सांगितलं. कुणाचं घेतलेलं आपलं म्हणून मिरवू नये, असा काहीसा तिचा न्याय असावा. त्याच न्यायाने तिने ते गाठोडंही सांभाळलं. दर उन्हाळ्यात सोडायची, ऊन द्यायची, कडुलिंबाचा नवा पाला घालून परत बांधायची, पण वाकळ पुरी करायची गोष्ट काढली की म्हणायची, "अक्काचा टाका हाय तो. त्यात मी कशाला माझी सुई घालू?"

आणि मग एके दिवशी उदगीरहून शालूचा फोन आला. लग्नानंतर ती तिथे नांदत होती, बरीच वर्षं वाट पाहिल्यावर तिला दिवस गेले होते, आणि बाळंतपणाला ती माहेरी, म्हणजे अर्थातच नांदेडला मावशीकडे जायची होती. "ताई," ती म्हणाली, "मला बाळंतिणीच्या पलंगावर आईची वाकळ पायजे. अख्खा पलंग झाकला पायजे. बाकी मला काई नको." तिचा स्वर असा होता, की मी एरवीसारखी थट्टाही करू शकले नाही. मला आईच्या मांडीचा वास आठवतो, हाताच्या चापट्या आठवतात, तिने माझी वेणी किती घट्ट घातली होती तेही आठवतं. शालूजवळ काय आहे? एक फोटो, आणि एक न झालेली वाकळ. ती मागत होती तो नुसता पलंगपोस नव्हता हो. ती आईच्या पदराखाली एकदा झोपायला मागत होती, आणि तेही स्वतः आई होण्याच्या दिवसांत.

पण अठरा चौकोन! ते ओळीत मांडायचे कसे? तीनच्या सहा ओळी केल्या तर हात-दोन हात रुंदीची लांबलचक पट्टी होते. चाराच्या चार केल्या तर दोन चौकोन उरतात आणि पाय उघडे पडतात. मावशीचा पलंग सागवानी, चांगला सहा फूट रुंद. मी वहीवर आकडेमोड करून थकले, आणि शेवटी क्लासच्या आकृत्या काढायला घेतलेल्या माझ्या लॅपटॉपवर गोधड्यांची मांडणी करून दाखवणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. आहे हो असंही काही जगात! चौकोनांचे फोटो आत घालायचे, रांगा निवडायच्या, रंग निवडायचे, की पडद्यावर वाकळ तयार. टाका नाही, सुई नाही, बोटाला रक्त नाही. आईला दाखवलं असतं तर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली असती.

त्यात एक मांडणी होती, चौकोन कोनावर उभे करण्याची. नुसती कळ दाबली, आणि सरळ ओळीत बसलेले आमचे अठराच्या अठरा चौकोन एका टोकावर उभे राहिले. ताटभर शंकरपाळ्या मांडाव्यात तसे! तीन आडवे, चार उभे, आणि त्यांच्या सांध्यासांध्यांत उरलेले सहा. एकही उरला नाही, एकही कमी पडला नाही. कडेला करवतीच्या दात्यांसारख्या खाचा राहिल्या, त्या त्रिकोणी कापडाने भरायच्या. मी पडद्यासमोर बसून टाळ्या वाजवल्या. भूमितीची किमया पहा: चौकोन सरळ बसला तर आपल्या बाजूएवढीच जागा घेतो, पण तोच टोकावर उभा केला, की कर्णाएवढा पसरतो. कापड तेच, टाका तोच. नुसतं उभं राहण्याची तऱ्हा बदलली आणि तो मोठा झाला. माणसांचंही असं होत असेल का? मला तरी त्या दुपारी तसं मनापासून वाटलं.

सॉफ्टवेअरने चौकोनाचं माप विचारलं. त्यासाठी मी मुद्दाम नांदेडला जाऊन चौकोन पलंगावर शंकरपाळीसारखाच ठेवून फीत लावून आले, या टोकापासून त्या टोकापर्यंत सतरा इंच. मी ऐटीत सतरा लिहिलं. पडद्यावर वाकळीचं माप उमटलं: सहा फूट रुंद, आठ फूट लांब. पलंगभर! मी लगेच शालूला फोन लावला, आणि ती रडली आणि हसली आणि पुन्हा रडली. मग मी बाजारातून पांढरं मऊ सुती कापड आणलं, सॉफ्टवेअरने दिलेल्या मापाने कडेचे त्रिकोण लातुरातच कापले, इस्त्री करून घडी घातली, आणि शालू नांदेडला पोहोचल्यावर एसटीने मीही निघाले. वाटेत खिडकीशी बसून मी स्वतःवर इतकी खूश होते, की शेजारच्या बाईंना उगाचच पेरू कापून दिले.

नांदेडला दुपारची जेवणं झाली आणि आम्ही जमिनीवर चादर अंथरली. शालूला आठवा महिना सरत आलेला; ती पलंगाच्या कडेवर बसून राणीसारखी हुकूम सोडत होती. मी चौकोन मांडले, आणि पहिला त्रिकोण खाचेत ठेवला. तो बसेना. दुसरा ठेवला. तोही चौकोनाच्या बाहेर चांगला पाच इंच लोंबत राहिला. मी त्रिकोण फिरवला, उलटा केला, चौकोन ताणून पाहिला, आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सॉफ्टवेअर विचारत होतं बाजू, मी दिला होता कर्ण! त्या बापड्याने माझा कर्ण बाजू समजून पुन्हा टोकावर उभा केला, त्याचा आणखी कर्ण काढला, आणि आईच्या दीड वितीच्या चौकोनाचा दोन फुटांचा डोंगर केला. वर्गात घसा फोडून सांगते मी, आधी काय विचारलंय ते वाचा रे! आणि इथे बाईंनी स्वतःच दिवे लावले.

खरी वाकळ भरत होती सव्वाचार फूट रुंद आणि पावणेसहा फूट लांब. हे मी सांगितलं तेव्हा शालूचा चेहरा उतरला. "म्हंजे पलंग झाकणार न्हाई?" मी सावरून घेत म्हटलं, अगं, तुला आणि बाळाला सव्वाचार फूट म्हणजे चंगळ आहे, हातभर मूल ते, लोळून लोळून लोळेल किती? पण ती हटून बसली. सहा फूटच पाहिजे. मला राग आला, स्वतःचाच, पण काढला तिच्यावर. "हट्ट काय करून राहिलीस शालू? चारी बाजूंनी रुंद पट्ट्या लावल्या तर होईल सहा फूट, पण मग निम्म्याहून जास्त कापड दुकानाचं. ती आईची वाकळ राहील का?" हे तोंडातून गेलं, आणि शालूने मान खाली घातली. तिचे अश्रू तिच्या पोटावर टपटपत होते. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती. किती वेळ, कोण जाणे. हात पदराला पुसत, माझ्याकडे मान उडवून ती म्हणाली, "सुमी बरोबर बोलून राहिली. सव्वाचार फूट लई झालं. तू अन् लेकरू, अन् वर अक्काची वाकळ. मला न्हाई लागत पलंगावर जागा. मी माझी बाज टाकलीय भाईरच्या खोलीत." आणि माझं तेव्हा कुठे लक्ष गेलं. बाहेरच्या खोलीत खरोखरच एक बाज होती, वर उशी, उशीशी पाण्याचा तांब्या. शालू लहानाची मोठी झाली ती याच सागवानी पलंगावर, मावशीच्या कुशीत. लग्नानंतरही माहेरी आली की दोघी तिथेच गप्पा मारत निजायच्या. आणि आता आईची वाकळ येणार म्हणताच मावशी गुपचूप उठून बाहेर गेली होती. तिच्या लेखी ती जागा अक्काची होती, इतकी वर्षं नुसती राखलेली. आता मालकीण येणार, राखणदारणीनं उठावं.

शालूने मान वर केली. रडून डोळे लाल, पण आवाज मावशी वर्गावर ओरडायची तसा. "म्हणूनच सहा फूट पायजे मला! मी अन् बाळ सव्वाचार फुटात मावतो, हे मला कळत न्हाई का? मला तू हवीस त्या वाकळीत. जन्मभर तुझ्या कुशीत निजले, अन् आता आई आली म्हणून तू बाजेवर जाणार व्हय? अन् ते पांढरं कापड नको मला, दुकानाचं. तुझी लुगडी दे."

मावशी दचकली. "येडी का काय! मेलेल्या माणसाचं कापड अन् जित्या माणसाचं कापड एका वाकळीत घालत न्हाईत. आपल्यात चालत न्हाई ते." मला माहीत होतं, आमच्याकडे असं म्हणतात खरं. आणि मला हेही माहीत होतं, की मावशी आयुष्यात असल्या गोष्टींना घाबरली नव्हती. ती आणखीच कशाला तरी घाबरत होती. तेवढ्यात शालू म्हणाली, अगदी हळू, "मावशी, आईला काई वाटायचं न्हाई. गाठोडं अन् मी, दोन्ही तिनंच टाकलं ना तुझ्या पदरात? दुसऱ्या कुणाच्या का न्हाई टाकलं?"

तिखट जिभेची आमची मावशी, जिने शाळेच्या साहेबांचंही कधी ऐकून घेतलं नाही, ती हे ऐकून वळली आणि आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. मी उठणार, तेवढ्यात ती बाहेर आली. हातांत शाळेत नेसायच्या तिच्या सुती साड्या, धुऊन धुऊन मलमलीसारख्या झालेल्या, एक जांभळी, एक मोरपंखी, एक हळदी. त्या माझ्या मांडीवर टाकून ती म्हणाली, "फाड. पर अक्काच्या चौकोनाला कातर लागली तर याद राख." मी रडायला लागले, तर म्हणाली, "अन् तू कशाला गळा काढून राहिलीस? तू तर कापून आणलेलं कापड बी वाया घालवलंस." आणि मग तिघीही हसलो, रडता रडता हसतात तसं, शिंका आल्यासारखं.

दोन-तीन दुपारी त्यात गेल्या. कडेचे त्रिकोण मोरपंखी झाले, चारी बाजूंच्या रुंद पट्ट्या जांभळ्या-हळदी. यंत्र मावशीनेच चालवलं. आईच्या पहिल्या चौकोनापाशी सुई आली तेव्हा ती क्षणभर थांबली, दोन बोटांनी आईचा टाका चाचपला, आणि मग पाय हलवला. मी शेजारी बसून टाचण्या काढत होते. मला वाटलं, दोघी बहिणी लहानपणी परकर-पोलक्यात एकमेकींशेजारी बसून अशाच काहीबाही शिवत असतील. एकीच्या सुईत दोरा ओवून द्यायला दुसरी. मी ते विचारलं नाही. विचारलं असतं तर मावशी म्हणाली असती, टाचण्या मोजून काढ, लेकराच्या अंगाला लागतील.

शालूला मुलगी झाली. सव्वा महिन्याच्या आत मी पुन्हा नांदेडला गेले, तेव्हा वाकळ पलंगावर होती, कडेपासून कडेपर्यंत, आणि बाहेरच्या खोलीतली बाज भिंतीला उभी केलेली होती. शेजारच्या बाया बाळ बघायला आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने वाकळीवरून हात फिरवला, नक्षीचं कौतुक केलं. भूकंपाची, गाठोड्याची गोष्ट तिच्या कानांवर होतीच. तिने मायेनेच विचारलं, "यातलं तुझ्या आईचं कुठलं गं, शालू?"

मी पुढे झाले होते, चौकोन दाखवायला. गणिताची बाई ना, कुठलं किती ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मधले अठरा आईचे, कडेचं सगळं मावशीचं, मावशीचं जास्तच.

शालू बाळाला पाजत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "सगळंच."

मावशी तिथेच होती, दुपट्यांच्या घड्या घालत. तिने ऐकलं, आणि तिच्या हातातली घडी तशीच अर्धी राहिली.